कर्नल, बूट आणि शिदोरी

एकदा फोनवर मी मित्राला सांगत होतो, "अरे, जुना कर्नल काढून टाकला आणि आता बूटच होत नाहीये." बाजूला भाजी निवडत बसलेल्या मावशीने लगेच विचारलं, "कुठल्या पलटणीतले रे होते?" तिचं काही चुकलं नाही. लिनक्सवाल्यांनी शब्दच असे उचलले आहेत की मराठी कानाला परेडच ऐकू येते. यातला कर्नल म्हणजे गर, संगणकाच्या कारभाराचा गाभा. बूट मात्र खरोखर पायातलाच. टाचेमागचा चामड्याचा फासा धरून माणसाने स्वतःलाच वर उचलावं, तसं यंत्राने स्वतःच स्वतःला उभं करायचं, अशी त्या शब्दामागची कल्पना आहे.

हे उभं राहणं वाटतं तितकं सरळ नाही. बटण दाबलं की आधी फर्मवेअर जागं होतं, ते ग्रब नावाच्या बूटलोडरला उठवतं, आणि ग्रब '/बूट' या फोल्डरातून दोन फाइली मेमरीत आणून ठेवून बाजूला होतो. पहिली 'व्हीएमलिनझ', म्हणजे कर्नल. शेवटचा झेड सांगतो की ती दाबून लहान केली आहे. दुसरी 'इनिटआरडी'. आता कर्नलला डिस्कवरची मूळ फाइल सिस्टिम जोडून घ्यायची असते. त्यासाठी त्या डिस्कचा ड्रायव्हर हवा. तो 'लिब' फोल्डराच्या पोटातल्या 'मॉड्यूल्स'मध्ये असतो, आणि ते फोल्डर असतं त्याच डिस्कवर. कपाटाची किल्ली कपाटातच राहिली, म्हणतात ती ही गत.

सगळे ड्रायव्हर कर्नलमध्येच का कोंबत नाहीत? स्वतःच्या एकाच मशीनसाठी कर्नल बनवणारा माणूस तसं करू शकतो, काहीजण करतातही. पण डेबियन किंवा फेडोरा बनवणाऱ्यांना तुमच्या घरातल्या मशीनमध्ये काय आहे ते ठाऊक नसतं. शिवाय डिस्क कुलूपबंद असेल तर पासवर्ड विचारावा लागतो, आणि ते काम ड्रायव्हरचं नाही, त्याला छोटा का होईना पण प्रोग्रॅम लागतो. म्हणून कर्नलसोबत एक शिदोरी बांधून दिली जाते, तीच ती दुसरी फाइल, इनिटआरडी: डिस्कपर्यंत पोचण्यापुरते ड्रायव्हर, चार अवजारं आणि 'इनिट' नावाची एक स्क्रिप्ट. मूळ डिस्क सापडली की शिदोरीतल्या फाइली मेमरीतून पुसल्या जातात, डिस्कवरचा खरा इनिट कारभार हाती घेतो, आणि प्रक्रिया क्रमांक १ हा मान तोच पुढे चालवतो.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली हेलसिंकीत कर्नल लिहिला तेव्हा ही शिदोरी नव्हती. इनिटआरडीचं मूळ टिपण वेर्नर आल्मेसबर्गर आणि हान्स लेर्मेन यांनी १९९६ साली लिहिलं. लिलो हा जुना बूटलोडरही याच आल्मेसबर्गरचा. लिलोला फाइल सिस्टिम वाचता येत नसे. कर्नल डिस्कच्या कुठल्या कप्प्यांत आहे तेवढंच तो टिपून ठेवी. त्यामुळे कर्नल बदलला आणि लिलो पुन्हा चालवायचा राहिला की दुसऱ्या दिवशी बोंब. ग्रब फाइल सिस्टिम स्वतः वाचतो, म्हणून ती बोंब गेली. पुढे २.६ मालिकेच्या कर्नलमध्ये इनिटरॅमएफएस आलं. तोवर शिदोरी म्हणजे मेमरीतली एक नकली डिस्क असे, आता ती तशी राहिली नाही. सीपीआयओ या जुन्या युनिक्स पद्धतीने बांधून वर दाबलेलं ते गाठोडं झालं. फाइलीचं नाव मात्र डेबियनमध्ये आजही इनिटआरडीच आहे. सासरचं नाव लागूनही माहेरच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाईसारखं.

आता हाताने सांभाळण्याकडे येतो. प्रत्येक कर्नलच्या आवृत्तीमागे तीन गोष्टी एकाच नावाच्या असाव्या लागतात: /बूटमधला कर्नल, त्याची इमेज (म्हणजे शिदोरीची फाइल) आणि त्याच्या मॉड्यूलांचं, म्हणजे ड्रायव्हरांचं, फोल्डर. चौथी म्हणजे ग्रबच्या यादीतली नोंद. एरवी हे सगळं पॅकेज मॅनेजर जुळवून देतो. फेडोरा मूळ मांडणीत तीन कर्नल ठेवतं आणि चौथा आला की सगळ्यात जुना काढतं. आर्च एकच ठेवतं आणि जुन्याची मॉड्यूलं अपडेटबरोबर काढून टाकतं. मग मशीन पुन्हा सुरू करेपर्यंत एखाद्या वेळी साधा पेन ड्राइव्हही जोडला जात नाही, आणि माणूस पेन ड्राइव्हला शिव्या घालत बसतो.

माझी फजिती डेबियनवरची. /बूटचं वेगळं पार्टिशन होतं आणि तेही तोकडं. नवा कर्नल आला, त्याची इमेज बांधताना जागा संपली आणि अपडेट अर्धवट थांबलं. पॅकेज मॅनेजरकरवी जुने कर्नल काढायचे आणि अडकलेलं काम पूर्ण होऊ द्यायचं, हा सरळ रस्ता. मी शहाणपणा केला. जुन्या फाइली थेट 'आरएम'ने उडवल्या. त्या भरात चालू असलेल्या कर्नलची फाइल आणि इमेजही गेली. मशीन हूं की चूं न करता चालतच राहिलं, कारण चालू कर्नल मेमरीत असतो. त्याची फाइल नाहीशी झाल्याचं त्याला सोयरसुतक नसतं. मग ग्रबची यादी हाताने ताजी केली आणि ऐटीत रीस्टार्ट दिला. यादीत नवा कर्नल होता, पण त्याची शिदोरी कधी बांधलीच गेली नव्हती. पडद्यावर कर्नल पॅनिक: मूळ फाइल सिस्टिम जोडता येत नाही, डिस्क अनोळखी, क्रमांक शून्य-शून्य.

हे शून्य-शून्य ओळखून ठेवण्यासारखं आहे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ, इमेज पोचलीच नाही. याऐवजी कंसात इनिटरॅमएफएस असं लिहिलेला प्रॉम्प्ट आला, तर इमेज पोचली आहे पण तिला डिस्क सापडलेली नाही: ड्रायव्हर राहिला असेल, नाहीतर डिस्कचा यूयूआयडी बदलला असेल. पहिल्यात आपण घराबाहेर. दुसऱ्यात निदान ओसरीवर आलेले असतो, चार आज्ञा देऊन आत डोकावता येतं.

मी बाहेरच होतो. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून मशीन उठवलं, मूळ पार्टिशन 'एमएनटी'वर जोडलं, देव, प्रॉक आणि सिस ही तीन फोल्डरं आत बांधली आणि 'सीएचरूट' करून आपल्याच घरात खिडकीतून शिरलो. (देव म्हणजे डिव्हाइस. नावापुढे हात जोडून झाले होते, ही गोष्ट वेगळी.) इथे दोन खड्डे आहेत आणि मी दोन्हींत पडलो. /बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तेही जोडावं लागतं. नाहीतर नवी इमेज त्याच्या खालच्या रिकाम्या फोल्डरात बिनतक्रार तयार होते आणि ग्रबला ती कधीच दिसत नाही. दुसरा खड्डा असा की चालू कर्नलची आवृत्ती विचारली तर उत्तर पेन ड्राइव्हच्या कर्नलचं येतं. म्हणून 'अपडेट-इनिटरॅमएफएस' चालवताना आवृत्ती स्वतः सांगायची. डॅश सी म्हणजे नवी बांध, डॅश यू म्हणजे असलेली ताजी कर, डॅश डी म्हणजे काढून टाक, आणि डॅश केच्या पुढे आवृत्ती. शेवटी ग्रबची यादी पुन्हा एकदा. तिसऱ्या खेपेला लॉगिनची चौकट दिसली तेव्हा पहाटेचे दूधवाले सुरू झाले होते.

शिदोरी सोडून पाहण्यात मोठी गंमत आहे. 'एलएसइनिटरॅमएफएस' आतली यादी दाखवतं. साध्या सीपीआयओने उघडायला गेलात तर पुष्कळदा प्रोसेसरच्या मायक्रोकोडच्या एखाद-दोन फाइलीच निघतात आणि वाटतं, फसलो. खरं तर इमेजमध्ये एकापुढे एक जोडलेली गाठोडी असतात. ड्रायव्हरांचं गाठोडं मागे असतं, आणि ती वेगळी करायला 'अनएमकेइनिटरॅमएफएस' आहे. डेबियनच्या मांडणीत 'मॉड्यूल्स' या ओळीपुढे 'मोस्ट' असेल तर बहुतेक मशीन्सना पुरतील इतके ड्रायव्हर भरले जातात. 'डेप' केलंत तर फक्त या मशीनपुरते. इमेज एकदम हलकी होते, आणि /बूट तोकडं असेल तर मोह होतोच. पण उद्या मदरबोर्ड गेला आणि डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये लावायची वेळ आली की तो हलकेपणा अंगाशी येतो. माझं मत विचाराल तर मोस्टच ठेवा आणि /बूटला जागा द्या.

स्वतः कर्नल बांधणाऱ्यांचे प्रश्न निराळे. 'लोकलमॉडकॉन्फिग' ही सोय त्या क्षणी चालू असलेलीच मॉड्यूलं निवडते. वेबकॅम त्या वेळी खणात असेल तर नव्या कर्नलमध्ये त्याला जागा नाही. आणि मॉड्यूलांतली डीबगची माहिती न काढता इमेज बांधली की ती अवाढव्य फुगते. 'इन्स्टॉल मॉड स्ट्रिप' ही खूण घालायची राहून गेली, एवढंच कारण असतं.

अलीकडे वारं पुन्हा एकत्र कुटुंबाचं आहे. कर्नल, इमेज आणि कर्नलला द्यायच्या सूचना एकाच फाइलीत बांधून तिच्यावर सही करायची, आणि फर्मवेअरने तीच थेट उठवायची. याला यूकेआय म्हणतात. यामागचं कारण पटण्याजोगं आहे. सिक्युअर बूटमध्ये कर्नलची सही तपासली जाते, पण आपल्याच मशीनवर बांधलेल्या इमेजवर एरवी कुणाचीच सही नसते, आणि डिस्कचा पासवर्ड विचारते ती नेमकी हीच इमेज. माझ्या लॅपटॉपवर अजून दोन फाइली वेगळ्याच नांदतात. रीस्टार्टआधी एकदा /बूटची यादी काढतो, प्रत्येक कर्नलसमोर त्याची शिदोरी आहे ना ते बघतो आणि मगच बटण दाबतो. मावशी अजूनही अधूनमधून विचारते, ते कर्नलसाहेब आता बरे आहेत ना?