पायाखालचा डबा

गिटारचा किंवा बेंजोचा आवाज पायाच्या एका दाबाने बदलणारे पेडल घरच्या घरी बनवणारे बहुतेक जण सर्किटपाशी अडत नाहीत. आराखडे सहज मिळतात, सुटे भाग थोड्या पैशांत येतात, सोल्डरिंग सरावाने जमते. काम रखडते ते डब्यापाशी. सर्किट चालू झाल्यावर घरात सापडेल त्या डब्यात ते कोंबले जाते आणि पहिल्याच कार्यक्रमात घरघर सुरू होते, नाहीतर स्विच खचतो. डब्याला वेष्टन समजण्याची ही चूक आहे. डबा हा सर्किटचाच एक भाग आहे आणि खान्देशात तो बनवून घ्यायची योग्य जागा म्हणजे कूलर आणि कपाटे घडवणारा पत्र्याचा कारखाना, असे माझे ठाम मत आहे.

पायाने चालणारे वाद्य मराठी माणसाला नवे नाही. संगीत नाटकाच्या काळात रंगमंचापुढे पायपेटी असे, आणि जळगावात तर नाट्यगृहालाच बालगंधर्वांचे नाव आहे. पण पायपेटीचे लाकूड स्वरात भर घालते. पेडलच्या डब्याकडून अपेक्षा नेमकी उलटी असते. त्याने स्वतःचा काहीही आवाज करायचा नाही आणि बाहेरचाही आत येऊ द्यायचा नाही. वाद्याच्या पिकअपमधून येणारा सिग्नल फार क्षीण असतो. पेडल तो कित्येक पटींनी वाढवते, आणि त्याच्यासोबत आजूबाजूच्या वायरींतला 50 हर्ट्झचा गुणगुणाटही वाढतो. भोवती धातूचे कवच असेल आणि ते जॅकमार्फत सर्किटच्या ग्राउंडला जोडलेले असेल, तर विद्युत क्षेत्रातून येणारा बराचसा त्रास कवचावरच थांबतो. वरातीत चालणाऱ्या बँडच्या गाडीवर जनरेटर, अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याचा जाडजूड ट्रान्सफॉर्मर हातभर अंतरावर असतात. तिथे पोलादी पत्र्याचा आणखी एक गुण उपयोगी पडतो. ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र पोलाद थोडेफार अडवते. तेवढ्याच जाडीचे अ‍ॅल्युमिनियम या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी असते.

जळगावात बसून प्लास्टिकविरुद्ध बोलणे काहींना विचित्र वाटेल. पीव्हीसी पाइप आणि प्लास्टिकच्या चटया हीच या शहराच्या औद्योगिक वसाहतीची ओळख आहे, आणि इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स लगेच मिळतो. आतून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चिकटवून ती ग्राउंडला जोडली, तर विजेच्या दृष्टीने तो चालतोही, हे मान्य करायला हवे. अडचण पुढची आहे. पायाचा स्विच बसवायला 12 मिलिमीटरचे भोक लागते आणि त्या भोकाच्या कडेवर उभ्या माणसाचा भार पुन्हा पुन्हा येतो. भिंतीवर बसवण्यासाठी केलेला डबा असल्या भारासाठी नसतोच. त्याला भोकापासून तडा जातो. शिवाय हलका डबा पायाखालून सरकतो. त्यात लग्नसराई एप्रिल-मेमध्ये ऐन भरात असते, तेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या वर जातो. उन्हात ठेवलेल्या डब्यातला फॉइलचा गोंद अशा वेळी सुटतो आणि सुटलेली फॉइल सर्किटवर पडली की आवाज बंद. जुन्या पद्धतीचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर वापरणाऱ्याने तर उन्हाचा विचार आधीच करावा. तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की त्यांची गळती दुपटीच्या आसपास जाते आणि सुरेल फझचे, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाचे, फाटक्या आवाजात रूपांतर होते. इथे सिलिकॉनच बरा, आणि डब्याचा रंगही फिकटच हवा.

माझ्या मतावर खरा आक्षेप येतो तो ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या तयार डब्याच्या बाजूने. जगभरचे हौशी कारागीर साधारण 112 बाय 60 मिलिमीटरचा डबा वापरतात. तो गंजत नाही, हलका असतो आणि त्याला भोक पाडणे सोपे जाते. एकच स्विच आणि दोन पॉट, म्हणजे फिरवायचे नॉब, असतील तर तो जरूर मागवावा. दोन स्विच आले की मात्र हा छोटा डबा अपुरा पडतो, कारण बूट किंवा चप्पल दहा सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते आणि जवळजवळचे दोन्ही स्विच एकदम दाबले जातात. मग मोठा, उताराचा, आपल्या पायाच्या मापाचा डबा हवा असतो. तो घडवून घेणे म्हणजे कमी दर्जा पत्करणे नव्हे. 1965 च्या लंडनमधल्या टोन बेंडर या फझ पेडलची पेटी दुमडलेल्या पत्र्याची असे. पुढच्या वर्षीच्या फझ फेस या पेडलचा गोल आकार माइकच्या स्टँडच्या बुडावरून सुचला, असे सांगतात.

धुळ्यात आणि जळगावात जो कारागीर उन्हाळ्यासाठी कूलरची बॉडी किंवा लग्नासाठी कपाट बनवतो, त्याच्याकडे पत्रा कापायचे आणि वाकवायचे यंत्र असतेच. त्याला फक्त जाड पत्रा सांगावा लागतो. कूलरचा पातळ पत्रा पायाखाली लवतो. 16 गेजचा, म्हणजे सुमारे 1.6 मिलिमीटरचा घ्यावा. पुढून 35 आणि मागून 55 मिलिमीटर उंचीचा उतार ठेवला की टाच टेकवून चवड्याने स्विच दाबता येतो. भोके पत्रा सपाट असतानाच पाडून घ्यावीत: स्विचला 12, मोठ्या जॅकला साधारण 10, पॉटला 7 मिलिमीटर. ती वाकवायच्या रेषेला खेटून असू नयेत, नाहीतर वाकवताना लांबट होतात. तळाचा पत्रा स्क्रूने बसवावा आणि त्याला रबराचे पाय लावावेत.

पत्रा गंजेल, ही शंका रास्त आहे आणि कपाटाच्या भट्टीतले पावडर कोटिंग तिचे चांगले उत्तर आहे. मात्र हा रंग विजेला अडवतो. जॅकच्या भोकाभोवती आतून रंग खरवडून चकचकीत धातू उघडा केला नाही, तर सुंदर पोलादी डबाही कवचाचे काम करत नाही. तळाचा पत्रा जिथे टेकतो तिथेही हेच करावे. आणि धातूचा डबा असल्यामुळेच 230 व्होल्टची वायर आत कधीही आणू नये. बाहेरच्या चांगल्या अ‍ॅडॅप्टरचे 9 व्होल्ट पुरेसे असतात.

एकाच डब्यासाठी कारखानदार वेळ देत नाही, ही तक्रार मार्च-एप्रिलमध्ये खरी असते, कारण तेव्हा तो कूलरमध्ये बुडालेला असतो. पाऊस सुरू झाला की यंत्र रिकामे होते आणि तुळशीच्या लग्नापर्यंत बँडवाल्यालाही सवड असते. कागदावर मापे लिहून, पुठ्ठ्याचा नमुना दुमडून, खरा स्विच आणि जॅक सोबत घेऊन तेव्हा जावे. चार-पाच वादकांनी मिळून एकाच मापाचे डबे सांगितले, तर पत्रा कमी वाया जातो आणि यंत्राची मांडणीही एकदाच करावी लागते.