बाटलीवरचे शब्द आणि वाडीतली चव

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपर मार्केटांतून वाइन विकण्यास मुभा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद पेटला. वाइन म्हणजे दारू नव्हेच, असे एक पक्ष म्हणे. वाइन म्हणजे दारूच, असे दुसरा बजावी. शेतकऱ्याचे हित आणि समाजाचे आरोग्य यांचा उच्चार दोन्हीकडून पुष्कळ झाला. मात्र बाटलीवरच्या चिठ्ठीत काय लिहिलेले असते, याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. वस्तुतः त्या वादाचे अर्धे उत्तर तेथेच छापलेले असते.

हा प्रश्न केवळ नाशिकच्या द्राक्षबागांपुरता नाही. डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे चिकूपासून वाइन तयार करून ती बाजारात आणली गेली. ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या परिसराचे नाव फळाबरोबर दूरवर जाते, तेथील शिक्षकाला, कारकुनाला, विद्यार्थ्याला त्या फळाच्या बाटलीवरची भाषा परकी वाटावी, ही गोष्ट बरी नव्हे. ती भाषा समजून घेणे म्हणजे मद्यपानाचा पुरस्कार करणे नव्हे. न पिणाऱ्यालाही ती समजलेली बरी.

प्रथम ‘वाइन’ हा शब्दच घ्यावा. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या व्याख्येप्रमाणे वाइन ही केवळ द्राक्षे किंवा द्राक्षरस आंबवूनच होते. म्हणून अन्य फळाची वाइन असेल, तर त्या फळाचे नाव सांगावे लागते. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. चिकूचे नाव हीच तर त्या बाटलीची ओळख आहे.

चिठ्ठीवरील सर्वांत महत्त्वाची गोष्ट शब्द नसून आकडा होय. ‘१२.५ टक्के’ असे लिहिलेले असेल, तर ७५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ९४ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल आहे, असा त्याचा अर्थ. भारतीय बनावटीच्या व्हिस्कीवर बहुधा ४२.८ टक्के हा आकडा असतो. तेव्हा व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरमध्ये जेवढे अल्कोहोल असते, जवळजवळ तेवढेच या वाइनच्या २०० मिलिलिटरमध्ये असते. वाइन सौम्य आहे हे खरे. पण दोन पेले रिचवणाऱ्याच्या यकृताला नावातील भेद कळत नाही. ‘दारू नव्हेच’ आणि ‘दारूच’ या दोन घोषणांमधले अंतर हा आकडा निमूटपणे मोजून देतो.

त्यानंतर येतात चवीचे शब्द. ‘ड्राय डे’ हा शब्द आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. ‘ड्राय वाइन’चा मात्र कोरडेपणाशी संबंध नाही. रसातील साखर आंबताना जवळजवळ सगळी संपली, गोडी उरली नाही, की ती वाइन ड्राय. फसफसणाऱ्या वाइनच्या बाबतीत तर शब्द चक्क चकवतात. युरोपीय नियमांनुसार ‘ब्रूट’ म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, आणि ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे १२ ते १७ ग्रॅम. अर्थात नावात ‘एक्स्ट्रा ड्राय’ असलेली बाटलीच अधिक गोड! ‘टॅनिन’ हा शब्द ऐकून दबून जाण्याचे तर मुळीच कारण नाही. अर्धा कच्चा चिकू खाल्ल्यावर जीभ ज्या तुरटपणाने आखडते, त्यामागे हीच द्रव्ये असतात. डहाणूच्या वाडीत वाढलेल्या मुलाला ही चव शाळेत जाण्यापूर्वीच कळलेली असते. केवळ तिचे परके नाव त्याला ठाऊक नसते.

तिसरा वर्ग प्रतिष्ठेच्या शब्दांचा. ‘व्हिंटेज’ म्हणजे जुनी व म्हणून उत्तम, असा समज रूढ आहे. मुळात तो शब्द फळ तोडल्याचे वर्ष सांगतो, गुणवत्ता नव्हे. युरोपात चिठ्ठीवर वर्ष छापायचे, तर किमान ८५ टक्के द्राक्षे त्या वर्षीची असावी लागतात. ‘रिझर्व्ह’ची कथा याहून बोलकी आहे. स्पेनमध्ये ‘रेझेर्वा’ लिहिलेली तांबडी वाइन किमान तीन वर्षे मुरवलेली, आणि त्यांपैकी एक वर्ष लाकडी पिंपात ठेवलेली, असावी लागते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात मात्र ‘रिझर्व्ह’ला अशी व्याख्याच नाही. एकच शब्द एका देशात हमी असतो, तर दुसऱ्या देशात नुसती जाहिरात. म्हणून चिठ्ठी वाचताना एकच प्रश्न विचारावा: या शब्दाबद्दल कायद्यापुढे कोणी जबाबदार आहे काय? टक्केवारी, परिमाण, उत्पादकाचा पत्ता यांबद्दल कोणीतरी जबाबदार असते. ‘प्रीमियम’, ‘स्पेशल’ यांबद्दल कोणीही नसते.

याच परिसरात चिठ्ठीच नसलेली पेयेही आहेत. ताड आणि शिंदीचा रस पहाटे नीरा असतो आणि ऊन चढू लागले की आंबून त्याची ताडी होते. मोहाची फुले आंबवून, पुढे ऊर्ध्वपातन करून मोहाची दारू निघते. कृतीच्या दृष्टीने पाहिले, तर ताडी ही वाइनची सख्खी बहीण. मोहाची दारू ब्रँडीच्या कुळातली. परंतु इतिहासाने त्यांना तशी वागणूक दिली नाही. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला आणि १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही निर्बंध लादले. तलासरीच्या पाड्यावरील पेय गुन्हा ठरावे आणि आंबवण्याच्या त्याच क्रियेतून निघालेले पेय सुंदर चिठ्ठी लावल्यावर संस्कृती ठरावे, यात शब्दांचा वाटा लहान नाही. याउलट, चिठ्ठी नसलेल्या पेयात किती अल्कोहोल आहे, हे पिणाऱ्याला कळण्याचा मार्गच नसतो, आणि तो धोका गरिबाच्याच वाट्याला येतो. मोठेपणाचे शब्द त्याला नकोतच. आकडा मात्र त्यालाही हवा.

मद्यपान आरोग्यास अपायकारक आहे आणि मद्य पिऊन वाहन चालवू नये, ही सूचना एप्रिल २०१९ पासून प्रत्येक बाटलीवर बंधनकारक झाली. ती इंग्रजीत असते; मात्र राज्याची इच्छा असल्यास ती प्रादेशिक भाषेत छापण्याची सोय त्या नियमातच आहे. ज्याला सावध करायचे, त्याला न कळणाऱ्या भाषेत सावध करणे हा केवळ उपचार होय. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या बाटलीवर ही सूचना आणि अल्कोहोलचे प्रमाण ठसठशीत मराठीत असावे, ही मागणी वाइनच्या समर्थकांनी व विरोधकांनी मिळून करण्यासारखी आहे. पुढचा निर्णय ज्याचा त्याने करावा; पण तो वाचून करता यावा, एवढी तजवीज राज्याने करावयास हवी.