आगाजींचा राग आणि युसूफची भीती

जव्हारजवळच्या शिरपामाळावर मुलांना नेले की आम्ही तीच गोष्ट सांगतो. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारचे राजे विक्रमशाह यांनी त्यांचे स्वागत करून शिरपेच अर्पण केला, म्हणून या माळाला हे नाव. मुलांना पुढे सुरत ऐकायची असते. एका वर्षी मात्र एकाने वेगळेच विचारले, "सर, घरी विचारून निघाले होते का ते?"

सगळे हसले. पण प्रश्न वाईट नव्हता. वडील शहाजीराजे तेव्हा दूर कर्नाटकात होते. सुरतेची मोहीम जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात झाली आणि २३ जानेवारीला होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे वारले. महाराज या माळावर होते तेव्हा वडिलांचे जेमतेम तीन-चार आठवडे उरले होते. ते ऐकून तोच मुलगा म्हणाला, "म्हणजे अब्बांना सुरतेचे सांगायचे राहिलेच."

अब्बांना सांगायचे राहणे, किंवा भीतीने न सांगणे, हे आपल्या घरांत नेहमीचे. पोराला दहावीनंतर काय करायचे आहे ते आधी अम्मीला कळते, मग फुफीला, मग आम्हा शिक्षकांना. अब्बांना सर्वांत शेवटी. आणि अब्बा शाळेत येतात ते एकच वाक्य घेऊन, "चमडी तुमची, हड्डी आमची, पण याला माणूस करा." पोरगा शरमेने खाली बघतो. तेच अब्बा जाताना दाराशी थांबून हळूच विचारतात, "डबा खातो ना हा पूर्ण?"

शिरपामाळाकडून मोखाडा, त्र्यंबक, नाशिक असे करत देवळाली कॅम्पला गेले, की तिथल्या कबरस्तानात असाच एक बाप विसावलेला आहे. गुलाम सरवर खान, पेशावरचे फळांचे व्यापारी. घरात त्यांना आगाजी म्हणत. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये त्यांचा धंदा होता, काही वर्षे कुटुंब देवळालीत राहिले. त्यांचा मुलगा युसूफ म्हणजे आपले दिलीपकुमार. २०१४ साली आलेल्या 'द सबस्टन्स अँड द शॅडो' या आत्मचरित्रात त्यांनी वडिलांविषयी मनमोकळे सांगितले आहे.

आगाजी पठाणी स्वभावाचे, मनात येईल ते तोंडावर बोलणारे. एकदा बापलेकांत खटका उडाला आणि तरणा युसूफ घर सोडून पुण्याला गेला. खानदानाचे नाव न सांगता त्याने लष्करी क्लबच्या कँटीनमध्ये काम धरले, तिथे सँडविचचा स्टॉल चालवला, आणि पाच हजार रुपये साठवून घरी परतला. रुसून गेलेला मुलगा कमाई घेऊन परत येतो, याला रुसवा म्हणावे की दुसरे काही, ते ज्याच्या घरात असा मुलगा असेल त्याने ठरवावे.

खरी गंमत पुढे आहे. देविकाराणींनी बॉम्बे टॉकीजमध्ये नोकरी देऊ केली, पगार बाराशे पन्नास रुपये. युसूफला वाटले, वर्षाचे असतील. महिन्याचे आहेत हे पुन्हा विचारून खात्री करून घ्यावी लागली. पण घरी सांगायचे कसे? आगाजींचे जुने पेशावरी दोस्त बशेश्वरनाथ कपूर. त्यांचा मुलगा पृथ्वीराज सिनेमात. तुमचा पोरगा नौटंकी करतो, असे आगाजी त्यांना उघड चिडवत. स्वतःच्या मुलाविषयी त्यांचे स्वप्न वेगळेच होते: शिकून मोठा व्हावा, नावापुढे इंग्रज सरकारचा 'ओबीई' किताब लागावा. तेव्हा देविकाराणींनी नवे नाव सुचवले, ते युसूफच्या पथ्यावरच पडले. पडद्यावर दिलीपकुमार, घरी युसूफ. मार पडेल या भीतीने नाव बदलले, असे पुढे ते स्वतःच हसत सांगत.

१९४४ साली 'ज्वार भाटा' आला, गेला. आगाजींना पत्ता नाही. १९४७ साली 'जुगनू'चे मोठे पोस्टर लागले तेही क्रॉफर्ड मार्केटजवळच. बशेश्वरनाथांनी दोस्ताला नेऊन ते दाखवले. इतक्या वर्षांच्या चिडवण्याची परतफेड याहून गोड काय असणार! आगाजी मात्र दुखावले. मुलाशी बोलणेच जवळपास बंद झाले. शेवटी राज कपूरने आपल्या वडिलांना मध्ये घातले. पृथ्वीराज घरी आले, आगाजींशी बोलले, आणि बर्फ थोडा वितळला.

अशा बापाला 'माझे चुकले, बेटा' म्हणता येत नाही. त्याची जीभच तशी वळत नाही. मग तो काय करतो, ते 'मेला'च्या वेळी दिसले. १९४८ सालच्या या चित्रपटात नर्गिसचे लग्न एका वयस्कर माणसाशी लावून दिले जाते आणि नायक तिच्यासाठी झुरतो. आगाजी तो पाहून आले आणि त्यांनी मुलाला गंभीरपणे विचारले, की त्या मुलीशी खरेच लग्न करायचे असेल तर सांग, मी तिच्या आईवडिलांशी बोलतो. युसूफमियांनी हा किस्सा सांगितला आहे. हसू येतेच. पण मुलाचा सिनेमा नापसंत असलेला हा माणूस पडद्यावरचे मुलाचे दुःख घरी घेऊन आला होता, आणि त्यावर त्याला एकच इलाज ठाऊक होता: बापाने मांडवाकडे निघावे.

दिवस थोडेच मिळाले. आई आयेशा बेगम १९४८ च्या ऑगस्टमध्ये गेल्या, आगाजी १९५० च्या मार्चमध्ये. पोस्टर दिसल्यापासून जेमतेम तीन वर्षे, आणि त्यातला काही काळ तर अबोल्यात गेला. दोघेही देवळालीच्या मातीत आहेत.

त्यानंतर दहा वर्षांनी, ५ ऑगस्ट १९६० रोजी, 'मुघल-ए-आझम' आला. हट्टी बादशहा आणि त्याचा तितकाच हट्टी शहजादा, भर दरबारात एकमेकांसमोर. शहजादा सलीम होते युसूफखान. आणि अकबराच्या वेषात समोर उभे होते तेच पृथ्वीराज, ज्यांनी कधीकाळी आगाजींची समजूत घातली होती.