पायी प्रवासातील हलके पांघरूण

बैलगाडीतून प्रवास होत असे तेव्हा वळकटी किती जड आहे, याची फिकीर कोणी करीत नसे. पायी चालणाऱ्यास मात्र पाठीवरील प्रत्येक वस्तू तोलून घ्यावी लागते. आणि त्याच्या ओझ्यात सर्वांत अधिक जागा अडविते ते अंथरूण-पांघरूण. अन्नपाणी सोडून पाठीवरील सर्व सामान साडेचार किलोच्या आत ठेवणारे पदयात्री आज जगात पुष्कळ आहेत. त्यांचे पाहून आपल्याकडील तरुणही हलक्या स्लीपिंग बॅगची चौकशी करू लागले आहेत.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हे. पौष अमावास्येस भरणाऱ्या केस्लापूरच्या नागोबा यात्रेसाठी मेस्राम कुळातील गोंड मंडळी अनवाणी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. शाळांतील मुले कुंटाला धबधब्याच्या बाजूस सहलीस जातात. याच दिवसांत येथील पारा काही रात्री 5-6 अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. अशा रात्री पांघरूण अपुरे पडल्यास झोप तर जातेच, परंतु लहान मुलांच्या व वृद्धांच्या प्रकृतीसही अपाय होण्याचा संभव असतो. म्हणून पांघरूण हलके घ्यावयाचे ते समजून घ्यावे.

प्रथम ऊब येते कोठून हे पाहू. निजलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे 70 ते 80 वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. ती अडवून ठेवणे एवढेच पांघरुणाचे काम, आणि ते काम वस्तुतः धाग्यांमध्ये कोंडलेली स्थिर हवा करते. हे तत्त्व आमच्या पिंजाऱ्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दबलेल्या रजईतील जुना कापूस ते पिंजून फुलवितात. कापूस तोच, वजन तेच. परंतु त्यात पुन्हा हवा खेळते आणि रजई उबदार होते. तात्पर्य, ऊब जाडीत आहे, वजनात नाही.

थोड्या वजनात जास्तीत जास्त जाडी हवी, तर बदक व हंस यांच्या छातीवरील मऊ लव सर्वांत सरस ठरते. तिला डाऊन म्हणतात. 1922 सालच्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी अशाच लवेने भरलेला कोट वापरला होता. डाऊनचा कस फिल पॉवर या आकड्याने सांगतात. 600 फिल पॉवर म्हणजे एक औंस, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम, लव फुलून 600 घनइंच जागा व्यापते. ही जागा जवळजवळ 10 लिटर भरते. आकडा जितका मोठा, तितकी तेवढ्याच उबेसाठी लव कमी लागते, आणि किंमतही चढते. कापसाची रजई दोन-तीन किलो भरते. तेथे डाऊनची चांगली बॅग किलोच्या आत बसते.

परंतु डाऊन ओले झाले की त्याचे गोळे होतात व ऊब जाते. पॉलिएस्टर तंतूंची बॅग थोडी जड असते, परंतु दमट झाली तरी काही ऊब राखते, लवकर वाळते आणि स्वस्त पडते. दवाच्या रात्री उघड्यावर निजावयाचे असेल, किंवा बॅग मुलांच्या हाती द्यावयाची असेल, तर हीच बरी.

बॅगेवरील अंशांचे आकडे वाचताना विशेष सावध राहावे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार हे आकडे तीन असतात. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण स्त्रीला स्वस्थ झोप लागेल असे तापमान. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढील असे तापमान. एक्स्ट्रीम हा तर केवळ जीव वाचण्यापुरता आकडा. त्यावर विसंबून खरेदी कधीच करू नये. दुकानातील मोठ्या अक्षरांतील आकडा या तिघांपैकी कोणता, हे विचारावे. आमच्याकडील हिवाळ्यास कम्फर्ट 5 अंश असलेली बॅग पुरेशी आहे. उणे अंशांची बॅग येथे घेणे म्हणजे पैसा व ओझे दोन्ही वाया घालविणे होय.

आता अंगाखालची बाजू. शरीराच्या भाराने पाठीखालची लव किंवा कापूस चेपतो, हवा निघून जाते, आणि जमीन उष्णता शोषून घेते. म्हणूनच महागड्या बॅगेत नुसत्या फरशीवर निजलेला मुलगा कुडकुडतो आणि कडब्यावर सतरंजी टाकून गोधडी पांघरलेला त्याचा सोबती शांत झोपतो. तीन-चारशे ग्रॅमची फोमची चटई हे काम उत्तम करते. याच विचारातून काही पदयात्री पाठीकडची बाजू नसलेली, वरून पांघरावयाची हलकी डाऊनची रजई वापरतात. ती वजनाने बॅगेपेक्षा कमी भरते. मात्र झोपेत कूस पालटणाऱ्यास कडेने वारा लागतो. मुलांसाठी बंद बॅगच योग्य.

हलके ओझे म्हणजे महाग ओझे असे मात्र नाही. अमेरिकेतील एमा गेटवुड या 67 वर्षांच्या आजीबाई 1955 साली अ‍ॅपलेशियन ट्रेल ही सुमारे 3,300 किलोमीटरची वाट एकट्या चालून गेल्या. त्यांच्याजवळ तंबू नव्हता, स्लीपिंग बॅगही नव्हती. घरी शिवलेल्या पिशवीत एक लष्करी ब्लँकेट व पावसासाठी प्लॅस्टिकचा पडदा होता. अर्थात त्या मे ते सप्टेंबर या काळात चालल्या, हे विसरू नये.

म्हणून खरेदीपूर्वी घरातील मंडळींनी तीन गोष्टी ठरवाव्यात: मुक्काम कोठे व कोणत्या महिन्यात, अंगाखाली काय असेल, आणि दव-पावसाचा संभव किती. वर्षातून एकदा सहलीस जाणाऱ्या मुलासाठी फोमची चटई आणि घरातील चांगली गोधडी पुरे. उरलेले पैसे बुटांसाठी राखावेत. बॅग घेतलीच, तर घरी दाबून बांधून ठेवू नये. सैल पिशवीत वा खुंटीवर टांगून ठेवावी. मुक्कामावर तोंड बॅगेबाहेर ठेवून निजावे, कारण श्वासातील ओलावा आत साचतो. डोक्यास मात्र कानटोपी असावी. आणि निघण्यापूर्वी एक थंड रात्र तीच बॅग, तीच चटई घेऊन घराच्या गच्चीवर काढून पाहावी. पांघरूण अपुरे पडत असेल, तर ते रानात कळण्यापेक्षा घरी कळलेले बरे.