खेळताना दात निखळला तर

सीझन बॉल तोंडावर आदळला किंवा कबड्डीत कोपर लागलं, की पुढचा दात मुळासकट निखळू शकतो. कायमचा दात असेल तर तो वाचवता येतो. लगेच शोधा, मुळाला हात न लावता वरचा पांढरा भाग धरा. माती लागली असल्यास दुधाने हलकेच धुवा, घासू नका. मुळावरच्या पेशी कोरड्या पडल्या की मरतात. म्हणून दात त्याच जागी बसवून स्वच्छ रुमाल चावून धरा. जमलं नाही तर दुधात ठेवा आणि शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्य गाठा. दुधाचा दात मात्र परत बसवू नये. आतल्या कायमच्या दाताला इजा होते. शुद्ध हरपली, उलटी झाली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर आधी रुग्णालय गाठा. मुलांना हेल्मेट, माउथगार्डशिवाय खेळू देऊ नका.