मोडीत काढण्याआधी

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की लॅमिंग्टन रोड. पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग, बोलण्यात मात्र लॅमिंग्टनच. इथल्या जुन्या लॅपटॉपच्या दुकानांत बराचसा माल कंपन्यांमधून येतो. तीन-चार वर्षं वापरून एकगठ्ठा काढलेला, 'लॉट'मधला.

गिऱ्हाईक ओरखडे बघतं. जाणकार झाकण हळू उघडून बिजागरीचा आवाज ऐकतो. बिजागरी घट्ट झाली असेल, तर ती ज्या प्लास्टिकात बसवलीय तेच उखडतं आणि कधी स्क्रीनची केबलही तुटते. मग टचपॅड. तो जरा वर उचललेला दिसला, तर खाली बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता. तसा लॅपटॉप चार्जिंगला लावायचा नाही. ती बॅटरी दाबायची, टोचायची तर मुळीच नाही. न फुगलेल्या बॅटरीचा हिशेब खुद्द विंडोज देतं: मूळ क्षमता 50 वॅट-तास आणि आता भरते 30, म्हणजे साठ टक्के उरली. एवढ्यावरून यंत्र कुणी नाकारत नाही, बॅटरी बदलता येते.

बदलता काय येतं, यावरच सगळा भाव ठरतो. 2018 चा थिंकपॅड टी480 आजही हातोहात खपण्याजोगा आहे: बाहेरची बॅटरी यंत्र चालू असताना काढता येते, रॅमला दोन खाचा, एसएसडी सुटी. त्याच सुमाराच्या कित्येक सडपातळ, देखण्या लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली. 4 जीबी घेतली असेल, तर जन्मभर 4 जीबीच.

त्याहून चीड आणतं ते कुलूप. मॅकबुक धडधाकट असतं, पण आधीच्या मालकाच्या ॲपल खात्याला बांधलेलं. नोकरी सोडताना कुणी साइन-आउट केलं नाही, एवढंच. बायोसचा पासवर्ड ठाऊक नसेल तरी तीच गत. अशी यंत्रं पार्ट्सच्या भावात जातात.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा मोफत आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे लॅपटॉप कागदोपत्री बाद ठरले, पण लिनक्स मिंट टाकलं की त्यांतले बरेच शाळेच्या कामाला उत्तम चालतात. त्यांना भंगार म्हणणं मला पटत नाही.

खरंच बोर्ड गेला असेल, तर स्क्रीन, कीबोर्ड, रॅम काढून घ्यायची आणि उरलेलं नोंदणीकृत रिसायकलरकडे द्यायचं. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम तेच सांगतात. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये तांब्या-सोन्यासाठी असेच बोर्ड उघड्यावर जाळले आणि ॲसिडात बुडवले गेले आहेत, तेही बहुधा हातमोज्यांशिवाय.