वाचनाचा वर्ग आणि पदवीची वाट

इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली सहा विद्यार्थ्यांनिशी एक ज्युनिअर कॉलेज सुरू झाले. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांची परंपरा तेथून सांगतात. दोन वर्षांचे शिक्षण, कमी शुल्क आणि सर्वांना खुले दार, ही त्यांची ओळख. साहित्य, अभियांत्रिकी आणि वाचता येऊनही आशय न उमगणाऱ्यांसाठी वाचनकौशल्य, असे तिन्ही वर्ग तेथे शेजारी-शेजारी भरत आले.

तिसऱ्या वर्गाचे दुखणे मात्र जुने. प्रवेशचाचणीत कमी गुण पडले की विद्यार्थ्याला पूर्वतयारीत बसवायचे, हा प्रघात अनेक दशके चालला. शुल्क भरावे लागे. पदवीसाठी ते श्रेयांक मात्र धरले जात नसत. अशा तीन-तीन पायऱ्या! नोकरी सांभाळून शिकणारा त्या चढतानाच गळून जाई. कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदा करून ही अडवणूक बव्हंशी मोडली. शाळेतील गुण पाहून थेट महाविद्यालयीन इंग्रजीत प्रवेश द्यावा आणि लागेल ती मदत सोबतच पुरवावी, असा त्याचा रोख.

निर्णय योग्यच, परंतु मदत कागदावर राहून चालणार नाही. अभियांत्रिकीचा विद्यार्थी पुष्कळदा सूत्रात नव्हे, प्रश्नाच्या भाषेत अडतो. तुळई टोकाला ‘जखडलेली’ आहे की नुसती ‘टेकवलेली’, हा भेद वाचताना निसटला की सारे गणित चुकते. त्याच्याशेजारी बसून तो प्रश्न वाचणे साहित्याच्या प्राध्यापकाला कमीपणाचे वाटते आणि अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाला ते आपले काम वाटत नाही. पूर्वी ते वाचनाच्या वर्गातला शिक्षक करीत असे.